देशी झाडांसाठी अंगणातली हिरवळ घालवायची: पुठ्ठा अंथरावा की खणावं?

रानजाई: पुढचं अंगण छोटं असेल, समजा १५ × १२ फूट, तर ते खणू नये या मताची मी आहे. खणलं की खाली दबलेलं तणाचं बी उजेडात येऊन उगवतं. हिरवळ बुडाशी कापा, जमीन भिजवा आणि वर साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या, पिना आधी काढा. तुकडे एकमेकांवर सहा इंच यायला हवेत, नाहीतर फटीतून गवत वर येतं. पुठ्ठा भिजवून त्यावर तीन-चार इंच पालापाचोळा घाला. दोन-तीन महिन्यांनी भोकं पाडून रोपं लावा.

मातीमित्र: साध्या गवताला हे चालेल. लव्हाळ्याला, म्हणजे जमिनीखाली गाठी धरणाऱ्या चिवट तणाला, मुळीच नाही! त्याचे टोकदार कोंब पुठ्ठा भोसकून वर येतात, आणि हराळी कडेच्या फटीतून पसरते. ही दोन्ही असतील तर ओली माती खुरपीने सहा ते आठ इंच मोकळी करून गाठी आणि मुळं हाताने वेचा. शिवाय भिंतीला टेकलेला ओला पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण.

रानजाई: भिंतीपासून दीड फूट जागा सोडायची, हे मान्य. लव्हाळ्याचंही मान्य, पण यंत्राने नांगरू नका. गाठींची साखळी तुटते आणि निजलेली प्रत्येक गाठ फुटते. वेचल्यावरही कोंब येतील. ते तीन-चार पानांवर असतानाच काढायचे, पुढे नव्या गाठी धरतात.

फुलपाखरू: तयारीइतकीच निवड महत्त्वाची. घाणेरीवर (टणटणी, मूळची परदेशी) फुलपाखरं बसतात म्हणून ती ठेवावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. मध पिणं वेगळं आणि अंडी घालायला जागा मिळणं वेगळं. रुईवर वाढणाऱ्या अळ्यांना घाणेरीचा काय उपयोग? आणि रोपं दाट लावा. दोन फुटी वाट सोडली तर वरच्या मापात १५० चौरस फूट उरतात. दीड फुटावर एक धरलं तर साधारण ६५ रोपं. विरळ लावली की मधल्या उघड्या जागेत तण माजतं.

मातीमित्र: सगळीकडे आच्छादनही नको. बहुतेक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बिळं करतात. उन्हाची हातभर जागा उघडी ठेवा. खोडाभोवतीही चार बोटं मोकळी, नाहीतर बुंधा कुजतो. आणि खड्ड्यात शेणखत भरूच नका. हलक्या जमिनीतली झाडं खतावर लांबुडकी होऊन पावसात आडवी पडतात.

रानजाई: सरसकट नको. बांधकामाच्या राड्यारोड्यावरची माती घट्ट आणि निर्जीव असते. तिथे दोन इंच कुजलेलं खत वरच्या थरात मिसळावंच लागतं. मात्र ते अख्ख्या वाफ्यात पसरा. नुसत्या खड्ड्यात घातलं तर मुळं तिथेच घुटमळतात आणि खड्ड्यात पाणी साचतं.