मदत हवी: इंग्रजी मेलमधला पॅसिव्ह व्हॉइस ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात कामाला आहे, बाहेरच्या पार्ट्यांचे इंग्रजी मेल माझ्याकडंच. परवा लिहिलं 'टू बॅग्ज वर डॅमेज्ड', तर पार्टीचं एका ओळीत उत्तर, 'बाय हूम?' मालक नुसते माझ्याकडं बघत राहिले. तेव्हापासून मेल आधी ग्रामर चेकरात टाकतो तर ते पॅसिव्ह पॅसिव्ह म्हणून रेघा मारतंय, मग मी दिसेल तिथला 'वॉज' आणि 'वर' काढत सुटलो आणि त्या नादात 'द ट्रक वॉज स्टँडिंग' पण मोडून ठेवलं. भाचा म्हणतो कर्मणी प्रयोग म्हणजेच पॅसिव्ह. अरे पण 'हमालानं पोती उचलली' कर्मणीच की, आणि इंग्रजीत 'द हमाल लिफ्टेड द बॅग्ज' तर अ‍ॅक्टिव्ह होतंय! डोकं बधिर झालंय. आणि सगळंच पॅसिव्ह काढायचं असतं का?

मिरजकर मास्तर: भाचा चुकला, तुमची शंका बरोबर आहे. मराठीत पोतं असलं की उचललं, पेटी असली की उचलली, क्रियापद कर्मामागं फिरतं म्हणून कर्मणी. इंग्रजीत ते बघायचंच नाही. तिथं कर्त्याच्या जागी बसलेला स्वतः काम करतोय का त्याच्यावर काम होतंय एवढंच बघा. खूण म्हणजे इज, आर, वॉज, 'वर', बी, बीन असलं काहीतरी आणि त्याला जोडून क्रियापदाचं तिसरं रूप. स्टँडिंगला आयएनजी आहे, ट्रक आपला आपण उभा आहे, त्याला हात लावू नका. 'पोती उचलली गेली' हे मात्र पॅसिव्हच्या जवळचं.

कृष्णाकाठ: सोपं सांगू का, शेवटी 'बाय हमाल' लावून बघा, बसलं की पॅसिव्ह.

धागाकर्ता: लावलं. 'द ट्रक वॉज स्टँडिंग बाय हमाल'. ट्रक हमालाच्या शेजारी उभा राहिला 😄

मास्तर: म्हणून तिसरं रूप आधी बघायचं म्हटलं. आणि सगळं काढू नका हो. हरिपुरात हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात साठवायचे, असं आपण कर्ता न सांगता बोलतो, इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, तिथं हळदच बसवायची, म्हणून 'टर्मरिक वॉज स्टोर्ड इन पिट्स' चांगलंच आहे. बिल थकलं तर 'यू हॅव नॉट पेड' अंगावर आल्यासारखं वाटतं, 'द बिल हॅज नॉट बीन पेड' बरं. पण नुकसान कुणामुळं झालं ते लपवायला पॅसिव्ह वापरला की समोरचा विचारणारच. ती पोती खराब कशानं झाली?

धागाकर्ता: पावसात आम्हीच बाहेर ठेवलेली.

मास्तर: मग 'वी लेफ्ट टू बॅग्ज आउट इन द रेन' लिहा.

धागाकर्ता: मालकांना विचारून सांगतो.