एक्सल शाफ्ट 'काढणे' : मराठीत नेमकं काय लिहायचं?

वळणावरचा : मंडळी, जरा मदत पाहिजे. गॅरेजला नवीन पोरं लागलीत, त्यांच्यासाठी फोर बाय फोर पिकअपचा पुढचा एक्सल शाफ्ट कसा काढायचा त्याचा एक कागद मराठीत करून भिंतीला चिकटवायचाय. गाड्या म्हणजे हायलक्स, व्ही-क्रॉस असल्या, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं), मधे डिफ (डिफरन्शियल, म्हणजे जोर दोन्ही चाकांना वाटणारी गिअरपेटी) आणि दोन्ही बाजूला सीव्ही जॉइंटवाला, म्हणजे वाकूनही फिरणाऱ्या सांध्याचा, एकेक शाफ्ट. पहिल्याच ओळीला अडलोय. एक्सल शाफ्टला काय लिहू, आस? अक्षदंड?

शब्दवेडी : आस लिहा की! अक्ष वरून आलेला शब्द, इंग्रजीतला एक्सलसुद्धा त्याच मूळ कुळातला. भूगोलात पृथ्वी आसाभोवती फिरते, बैलगाडीला आस असतो, एवढा घरचा शब्द असताना शाफ्ट कशाला?

घोडी-जॅक : ताई शब्द झकास आहे पण या वस्तूला लागत नाही. बैलगाडीचा आस जागचा फिरत नाही, तो ओझं पेलतो आणि चाक त्याच्यावर फिरतं. या पिकअपमधे बरोबर उलटं, ओझं सस्पेन्शनचे आर्म, नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) आणि बेअरिंग पेलतात, शाफ्ट नुसता डिफमधला पीळ चाकापर्यंत पोचवतो. अक्षदंड म्हटलं तर पोरांना सत्यनारायणाच्या पूजेचं सामान वाटेल. आणि नुसतं 'एक्सल' पण नको, कारण महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपला पुढे सलग हाउसिंग (लोखंडी कवच) असतं आणि शाफ्ट त्याच्या पोटात, तिथे लोक अख्ख्या हाउसिंगलाच एक्सल म्हणतात, मग 'एक्सल काढ' म्हटल्यावर पोरगं नेमकं काय खाली उतरवेल सांगता येत नाही. 'पुढच्या चाकाचा शाफ्ट' लिहा, म्हणजे डिफपर्यंत जोर आणणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टशी पण घोळ होत नाही.

वळणावरचा : पटलं. पण मग 'काढणे'? मॅन्युअलमधे सगळीकडे तेच आहे.

घोडी-जॅक : खरी गोम तिथेच आहे, नामापेक्षा क्रियापदावर डोकं लावा. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) मोठा नट आधी सैल करायचा, काढायचा नाही, आणि तो पण चाक जमिनीवर असताना ब्रेक दाबून, नंतर जॅक लावून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) गाडी घ्यायची, चाक काढायचं आणि मग नट काढायचा. सैल आणि काढ यात गल्लत झाली की पोरगं जॅकवरच्या गाडीखाली पान्याला लोंबकळतंय. ब्रेकचा कॅलिपर काढून बाजूला टांगायचा, तारेने, ब्रेकच्या होजवर लोंबत सोडायचा नाही. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचे, म्हणजे नकल बाहेर कलते. आता बाहेरचं टोक हबमधून सारायचं, अडकलं तर नट टोकापर्यंत परत चढवून लाकूड मधे धरून ठोकायचं, नाहीतर आटे चेपलेच. (आटे म्हणजे नटाचे, शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांना, म्हणजे स्प्लाइनला, दाते लिहा, एकाच कागदात दोन्हीला आटे लिहिलेले मी पाहिलेत.)

आणि आतलं टोक. काही गाड्यांत ते फ्लँजला (चपट्या तबकडीला) बोल्टने असतं, तिथे बोल्ट काढले की झालं. पण जिथे दाते डिफमधे खुपसलेले आणि गोल लॉकने (तारेच्या कड्याने) अडकलेले असतात तिथे 'ओढून काढा' चुकूनही लिहू नका, कारण बाहेरून शाफ्ट ओढला की आतला जॉइंट बूटच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) आतल्या आत निसटतो, लॉक जागेवरच आणि ग्रीसमधे रोलर शोधत बसा. तिथे शब्द एकच, उचकटा. जॉइंटच्या कपाची कड आणि हाउसिंग यांच्यामधे टॉमी (छोटी पहार) घालून झटका द्यायचा, लॉक सुटला की मग दोन्ही हातांनी सरळ बाहेर घ्यायचा, दाते तेल अडवणाऱ्या सीलच्या ओठावर घासू न देता.

शब्दवेडी : उचकटणे! दार उचकटणे, पेटी उचकटणे… शब्दकोशात चोरांच्या पदरी पडलेला शब्द गॅरेजात कामाला लागला. आस मागे घेते 🙂

तेलकट_हात : एक राहिलं, शाफ्ट निघाल्यावर त्या भोकातून गिअर ऑइल येतं. आधी 'तेल रिकामं करा' लिहा, 'सोडा' नको, सोडा म्हटलं की आमच्याकडे जमिनीवर सोडतात.

नागपुरी_पाना : आमच्याकडे उचकटणे कमी, 'पहारीनं उचल' म्हणतात. पण कळेल सगळ्यांना. आणि शाफ्ट काढलेल्या अवस्थेत गाडी चाकावर टेकवून ढकलू नका हे पण मोठ्या अक्षरात टाका, बऱ्याच हब बेअरिंगला तो शाफ्ट आणि नटच आवळून धरतो, नसला तर बेअरिंग खराब होतं.

वळणावरचा : टाकतो, लाल पेनाने. बसवतानाचं काय, 'ठोकून बसवा'?

घोडी-जॅक : नाय रे बाबा. 'खट आवाज येईपर्यंत सरळ दाबा'. नंतर हलकेच ओढून बघायचं, लॉक बसला असेल तर येत नाही. गोल लॉक आणि स्प्लिट पिन नवीन. टॉर्कला (नट किती जोरात आवळायचा त्या मापाला) मराठी शब्द शोधत बसू नका, तो टॉर्कच ठेवा आणि पुढे त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा लिहा.