ईबीव्ही व्हायरसमुळे एमएस होतो का?

प्रश्न: ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) निघालाय. कॉलेजात असताना तिला ग्लँड्युलर फीवर झालेला, तो एपस्टाईन-बार व्हायरसनं (ईबीव्ही) होतो म्हणे. खरंच संबंध आहे का? आणि मीपण ईबीव्हीची टेस्ट करून घेऊ का?

उत्तर १: संबंध आहे, आणि चांगलाच पक्का. २०२२ मध्ये हार्वर्डच्या टीमचा अभ्यास आला, अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांचा डेटा आणि साठवलेलं रक्त तपासलं, तर ईबीव्हीची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या दुसऱ्या व्हायरसनं मात्र असं काही झालं नाही.

उत्तर २: टेस्ट नको करूस. साधारण ९५ टक्के मोठ्या माणसांना ईबीव्ही होऊन गेलेला असतो आणि एमएस फारच थोड्यांना होतो, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी नुसती काळजी वाढेल बाकी काही नाही. जीन्स, कमी व्हिटॅमिन डी, सिगरेट हेही त्यात असतं.

उत्तर ३: व्हायरसच्या ईबीएनए-१ प्रोटीनचा एक तुकडा मेंदूतल्या ग्लियलकॅम या प्रोटीनसारखा दिसतो, म्हणून काही पेशंटच्या अँटीबॉडी दोन्हीला चिकटतात. शिवाय हा व्हायरस बी पेशींत (अँटीबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) आयुष्यभर लपून राहतो, आणि त्याच पेशी कमी करणारं ऑक्रेलिझुमॅब हे औषध एमएसमध्ये चांगलं चालतं. ताईची ट्रीटमेंट लवकर सुरू होऊदे, न्यूरोलॉजिस्टला आजच विचार.