'फॉल'ला मराठीत काय म्हणावं? शरद, हेमंत की सरळ पानगळ?

रानजाई: बॉस्टनच्या बाजूला राहते. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना ऋतू शिकवायचेत. उन्हाळा, हिवाळा यांचा प्रश्न नाही. स्प्रिंगला वसंत म्हणून पुढे सरकता येतं. अडतंय ते फॉलवर, म्हणजे उन्हाळा आणि हिवाळा यांच्या मधल्या ऋतूवर. पुस्तकात 'शरद' दिलंय आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. शरद म्हटलं की पावसानं धुतलेलं आभाळ, कोजागिरी, आटीव दूध. काहीतरी सुरू होतंय असं वाटतं. इथला ऑक्टोबर दिसायला कितीतरी देखणा, पण त्यात सगळी आवराआवर असते. अंगणातल्या खुर्च्या आत, कुंड्या आत, पाण्याचे बाहेरचे नळ बंद. दिवसभर छान वाटतं आणि संध्याकाळी विनाकारण हुरहुर लागते. ही हुरहुर मावेल असा शब्द आहे का आपल्याकडे? आणि हे फक्त मलाच होतं का?

शाईदौत: शरद चूक म्हणता येणार नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, आणि ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतात. पंचांग जुळतं, झाडं जुळत नाहीत, एवढंच. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली.

गंमत अशी की संस्कृतात 'शरद' म्हणजे वर्षसुद्धा. शंभर शरद जगा, असा आशीर्वाद आहे. वेदांत 'शंभर हिम' म्हणजे शंभर हिवाळे असंही येतं. 'वर्ष' तर पावसाच्याच घरातलं. ज्या ऋतूतून माणूस निभावून निघतो त्यावरच तो वय मोजत असावा, असं आपलं मला वाटतं. तुमच्या तिकडे हिवाळे मोजायला हरकत नाही.

सागवान: चंद्रपूरकर. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत सागाच्या जंगलात चाललात तर पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो, इतकी पानं. झाडं उघडी पडतात आणि त्यातच पळस पेटतो. त्यामुळे पानगळीचं आम्हाला दुःख वगैरे नाही. पानगळ म्हणजे आता मोहाची फुलं वेचायचे दिवस येणार.

कारणही वेगळं आहे. इथलं झाड पाणी वाचवायला पानं टाकतं, पुढे चार महिने कोरडे जायचे असतात. तिकडचं झाड दिवस लहान व्हायला लागले, थंडी आली की टाकतं. तिथे हिरवं द्रव्य मोडलं की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि मेपलसारख्या झाडांत लाल रंग तर त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो. म्हणजे जाता जाता रंगवून जातात. 'पानगळ' शब्दात फक्त गळणं आहे, रंग नाही. तरी मत विचाराल तर पानगळच म्हणा. निदान मुलांना खिडकीबाहेर दाखवता येईल.

रानजाई: सागवानदादा, रंगाचं पटलं. पण मला वाटतं हुरहुर पानांची नाहीच, उजेडाची आहे. मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. बॉस्टनला तो सहा तासांहून जास्त. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि आदल्या दिवशी साडेपाचला मावळणारा सूर्य साडेचारलाच जातो. डिसेंबरच्या सुरुवातीला तर सव्वाचारच्या आत. मुलं शाळेतून येऊन दूध पितायत तोवर बाहेर काळोख. आपल्याकडे तिन्हीसांजेला झोपू नये, उंबऱ्यात बसू नये म्हणतात. इथे तिन्हीसांज ऑफिसात, मीटिंगमध्ये गाठते. घरी येईपर्यंत रात्र झालेली असते, दिवेलागण अशी होतच नाही.

शाईदौत: मग तुमचा शब्द 'कातरवेळ' आहे. दिवसाचा आहे, ऋतूचा नाही, पण भावना तीच. कातरवेळेचा ऋतू.

रानजाई: वा! शाळेत चालणार नाही, घरी नक्की वापरणार.

पिंपळपार: (पुणे) आम्हाला ऑक्टोबर म्हणजे 'ऑक्टोबर हीट'. हेमंत-शिशिर कवितेत आणि मुलांच्या नावात, व्यवहारात तीनच. आणि तेही ऋतू म्हणून कमी, कामाचे म्हणून जास्त. हंगाम, सुगी, लग्नसराई. डाळिंब लावणारा फुलोऱ्याच्या हंगामाचं विचारतो, आंबे बहर धरला, मृग की हस्त? त्याचे ऋतू ते तीन. 'ऋतू' शब्द आपण बोलताना सहसा वापरतच नाही, ही खरी अडचण आहे.

पिवळाढेकूळ: मेलबर्नहून. आमच्याकडे मार्च ते मे ऑटम, म्हणजे गुढीपाडवा पानगळीत आणि गणपती वसंतात. तेव्हा 'शरद' म्हटलं तर पंचांगही साथ देत नाही. त्यात इथले निलगिरी पानं टाकतच नाहीत, साल टाकतात. आम्ही घरात ऑटमच म्हणतो आणि गप्प बसतो.

शाईदौत: तुमच्यामुळे माझा पंचांगाचा मुद्दा निकालात. पानगळीला माझंही मत.

थालीपीठ: फॉलचं राहू द्या, 'वसंत' तुम्ही इतक्या सहज कसा मान्य केला? मी 2015 च्या हिवाळ्यात बॉस्टनलाच होते. 108.6 इंच बर्फ, विक्रम. तो विक्रम मोडला आणि त्याच आठवड्यात, 21 मार्चला, पाडवा. गुढी उभी करायला गॅलरीचं दार उघडेना, बाहेर बर्फ दाटलेला. शहरानं उचलून नेलेल्या बर्फाचा एक ढीग 14 जुलैपर्यंत वितळला नव्हता, तेव्हा आपला अधिक आषाढ चालू होता! आणि तरीही, त्या एप्रिलमध्ये बर्फातून क्रोकसचं पहिलं जांभळं फूल वर आलेलं बघून मी फुटपाथवर चक्क रडले. पुण्यात चैत्रपालवीकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. चार ऋतूंनी मला काय दिलं म्हणाल तर वाट बघायला लावलं. त्यामुळे वसंतच म्हणा, पण मुलांना सांगा की आजीचा वसंत पन्ह्याचा आणि आपला बूट चिखलात रुतण्याचा.

रानजाई: हे वाक्य मी उचलणार! ठरलं, फॉल म्हणजे पानगळ. शरद मोठ्या वर्गाला कोजागिरीच्या वेळी शिकवेन. आता दुसरा प्रश्न. बर्फ अर्धवट वितळून रस्त्यावर जो करडा, बर्फावर टाकलेल्या मिठाचा रबरबाट होतो, त्याला काय म्हणायचं?

सागवान: चिखल.

थालीपीठ: चिखल मातीचा. याला 'राड' म्हणा. आमच्या घरी 'बाहेर राड झालीय, बूट दारात काढा' असंच चालतं.

पिंपळपार: राड चालेल. पण मीठ घातलेल्या राडीला वेगळा शब्द हवा.