ब्रॉडवेवर १९५९ च्या आधी कृष्णवर्णीयांची नाटकं नव्हतीच का?

ऋतुगंध:
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहते. परवा इथल्या कॉलेजच्या मुलांनी बसवलेलं 'अ रेझिन इन द सन' बघून आले आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. शिकागोतलं कृष्णवर्णीय कुटुंब, वडील गेल्यावर विम्याचे दहा हजार डॉलर येतात, आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, आणि मग त्या वस्तीतला एक गृहस्थ येऊन इतकं गोड बोलतो, इतकं गोड बोलतो, आणि शेवटी म्हणतो की आम्ही पैसे देतो पण तुम्ही तिकडे राहायला येऊ नका. हे नाटकाची लेखिका लोरेन हॅन्सबेरी हिच्या घरचंच थोडंफार, तिच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतलं होतं आणि ते प्रकरण १९४० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. मार्च १९५९ मध्ये नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक नाट्यगृहांत, आलं, कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं पहिलं नाटक. मग प्रश्न पडला की तोपर्यंत काय चाललं होतं? लिहिणारं कोणी नव्हतं, का लिहिलेलं कोणी स्टेजवर येऊ दिलं नाही? लॅटिनो, आशियाई, मूळ रहिवासी यांच्याबद्दलही कोणाला माहीत असेल तर सांगा.

जुना_प्रेक्षक:
लिहिणारे होते आणि करणारेही होते. पार १८२१ पर्यंत मागे जावं लागेल. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राऊन नावाचा, जहाजावर स्टुअर्डचं काम करून निवृत्त झालेला वेस्ट इंडियन माणूस, त्याने 'आफ्रिकन ग्रोव्ह' नावाची कंपनी काढली, नट सगळे कृष्णवर्णीय आणि नाटक कुठलं तर शेक्सपिअरचं 'रिचर्ड द थर्ड'. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्ण संपली १८२७ मध्ये, म्हणजे हे त्याच्याही आधी! गोरे प्रेक्षक येऊन दंगा करायचे म्हणून त्यांना मागे वेगळं बसवायचे. पुढे कंपनी बड्या पार्क थिएटरच्या शेजारी खेळ करायला लागली तर पोलिसांनी नटांना पकडून नेलं. ब्राऊनने स्वतःही नाटक लिहिलं, सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या बंडाचं, पण त्याची संहिता आज शिल्लक नाही.

त्याच शहरातला कृष्णवर्णीय नट आयरा ऑल्ड्रिज, त्याला कळलं की इथे काही होणार नाही, १८२४ मध्ये इंग्लंडला गेला आणि १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला. युरोपभर, रशियापर्यंत नाव झालं, पोलंडमध्ये दौऱ्यावर असतानाच गेला. अमेरिकेत मात्र त्याच काळात गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करायचे आणि त्या मिन्स्ट्रेल शोजना तुफान गर्दी. नंतर बर्ट विल्यम्ससारख्या अस्सल कृष्णवर्णीय कलाकारालाही तीच काजळी फासून उभं राहावं लागलं, एवढा मोठा विनोदी नट, वाचताना त्रास होतो. १९०३ मध्ये 'इन दहोमी', १९२१ मध्ये 'शफल अलाँग', कृष्णवर्णीयांची ही दोन्ही म्युझिकल्स ब्रॉडवेवर गाजली, पण नाचगाणं असेल तर या, गंभीर काही लिहू नका असा एकंदर मामला.

तिसरी_घंटा:
ऋतुगंधताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते एका कृष्णवर्णीय लेखिकेत आहे, अ‍ॅलिस चिल्ड्रेस. तिचं 'ट्रबल इन माइंड' १९५५ मध्ये ऑफ ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्याच छोट्या थिएटरात, झालं. नाटकात नाटकाची तालीम चालू आहे. गोऱ्या लेखकाने लिहिलेलं, गोरा दिग्दर्शक बसवतोय, विषय कृष्णवर्णीयांना जमाव ठार मारतो त्याचा, म्हणजे वरवर पाहता अगदी पुरोगामी. विलेटा नावाची मुरलेली नटी त्यात आईचं काम करतेय आणि त्या आईने मुलाला स्वतःहून मरणाच्या तोंडी पाठवायचं असं लिहिलंय. आधी ती दिग्दर्शकाच्या हो ला हो करते, हसते, नव्या पोराला पण सांगते की असंच वागायचं, आणि मग तालमी पुढे सरकतात तसं तिला ते वाक्य तोंडातून काढवेना. कुठली आई असं करेल? हा एकच प्रश्न ती धरून बसते आणि तालीम मोडते.

आता प्रत्यक्षात काय झालं बघा. ब्रॉडवेच्या निर्मात्यांनी नाटक घेतलं, पण शेवट सौम्य करा, गोड करा म्हणून बदल मागत राहिले. चिल्ड्रेसने शेवटी नकार दिला आणि १९५७ चा प्रयोग रद्द. झाला असता तर हॅन्सबेरीच्या दोन वर्षं आधी पहिला मान तिचा होता. ते नाटक ब्रॉडवेवर आलं २०२१ मध्ये, ती १९९४ मध्येच गेली होती. मला हे फार लागतं. नट कोण उभा केला एवढंच आपण बघतो, पण संहितेवर शेवटचा हात कोणाचा आणि थिएटरच्या किल्ल्या कोणाकडे, सगळं तिथे अडतं.

बे_एरियाकर:
म्हणूनच काहींनी थिएटरच्या इमारतीचा नादच सोडला. कॅलिफोर्नियात डेलानोला १९६५ मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा संप झाला, तिथे मेक्सिकन वंशाच्या लुईस वाल्देझने 'एल तियात्रो काम्पेसिनो' सुरू केलं. नट कोण, तर संपावरचे मजूरच. स्टेज म्हणजे ट्रकचा उघडा हौदा, मळ्याच्या कडेला ट्रक लावायचा आणि सुरू. कोण मालक, कोण संपफोड्या ते कळावं म्हणून गळ्यात पाट्या. एका प्रवेशात मालकाला डुकराचा मुखवटा, तो मजुराला म्हणतो तुझंच आयुष्य सुखाचं रे बाबा, चल अदलाबदल करू, आणि मुखवटा मजुराच्या तोंडावर गेला की मालकाची काय गत होते ते बघून समोरचे मजूर हसून हसून बेजार. आपल्याकडच्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची जात हीच. वाल्देझचं 'झूट सूट' १९७९ मध्ये ब्रॉडवेवर गेलं, तिथे फार टिकलं नाही, लॉस एंजेलिसला मात्र जोरात चाललं होतं. आशियाई नटांची 'ईस्ट वेस्ट प्लेअर्स' पण १९६५ चीच, लॉस एंजेलिसचीच. नोकर नाहीतर खलनायक याशिवाय कामंच मिळेनात म्हणून काढली.

ऋतुगंध:
बाप रे, केवढं सांगितलंत सगळ्यांनी. पण एक विचारते, आता तर 'हॅमिल्टन' या म्युझिकलमध्ये वॉशिंग्टन, जेफरसन सगळेच गोरे नसलेले नट करतात. मग किल्ल्यांचा प्रश्न सुटला म्हणायचा का?

तिसरी_घंटा:
यावर कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन फार कडक बोललाय. विसाव्या शतकातल्या एकेका दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिलेला माणूस. त्याची सुरुवातीची नाटकं बसवली लॉइड रिचर्ड्सने, ज्याने १९५९ मध्ये तुमचं 'रेझिन' बसवलं होतं तोच. विल्सन १९९६ मध्ये प्रिन्स्टनच्या भाषणात म्हणाला की गोऱ्यांच्या नाटकात आम्हाला उभं करणं हे उत्तर नाही, आमच्या संस्था कुठे आहेत? देशातल्या मोठ्या ६६ व्यावसायिक रिजनल थिएटर्सपैकी कृष्णवर्णीयांचं तेव्हा फक्त एक होतं, हा त्याचा मुद्दा. समीक्षक रॉबर्ट ब्रुस्टीनला हे साफ अमान्य, तो म्हणे हा वेगळेपणाचा हट्ट आहे. पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघे समोरासमोर वाद घालायला बसले. मी विल्सनच्या बाजूची. 'हॅमिल्टन' मलाही आवडतं, लेखक लॅटिनोच आहे, पण एका हिट शोने संस्था उभी राहत नाही. आणि ते एकमेव थिएटर कुठलं माहितीये? 'क्रॉसरोड्स', तुमच्या न्यू जर्सीतलंच, न्यू ब्रन्सविकला!

पडद्यामागे:
मूळ रहिवाशांचं राहिलं म्हणून लिहितो. 'ओक्लाहोमा!' हे म्युझिकल ज्याच्या नाटकावर बेतलंय तो लिन रिग्ज चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचा होता, ही गोष्ट म्युझिकल पाहिलेल्या बहुतेकांना माहीतच नसते. आणि लाकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या लॅरिसा फास्टहॉर्सचं 'द थँक्सगिव्हिंग प्ले' ब्रॉडवेवर आलं २०२३ मध्ये. तेही चार गोरी माणसं स्टेजवर ठेवून लिहिलं, कारण तिच्या आधीच्या नाटकांना थिएटरवाल्यांचं नेहमी एकच उत्तर, मूळ रहिवासी नट मिळत नाहीत.

ऋतुगंध:
न्यू ब्रन्सविक माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि इतकी वर्षं समोरून जातेय! तिकिटं बघते आजच. 'ट्रबल इन माइंड' लायब्ररीतून मागवलंय, एडिसनच्या आसपास कोणी असेल तर रविवारी एकत्र बसून वाचूया, विलेटाचं काम मी घेणार हे आत्ताच सांगून ठेवते.