मदत हवी आहे: कंबर जुनी दुखरी, पण ढोल सोडायचा नाही

टिपरू:
नमस्कार मंडळी,
गणपती दोन महिन्यांवर आले. पथकाचा सराव पुढच्या आठवड्यात सुरू होतोय आणि माझ्या कमरेनं आत्तापासूनच कुरकुर चालू केली आहे, म्हणून हा धागा.

वय ३६, पुण्यात राहते, नोकरी दिवसभर बसायची. चार वर्षांपूर्वी टेंपोतून ढोल उतरवताना अंग वळलं आणि कमरेत जी उसण भरली, तिची कळ डाव्या पायात पार करंगळीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ची (कमरेच्या अगदी तळाच्या मणक्याखालची) गादी डावीकडे सरकून नसेला टेकल्याचं दिसलं. ऑपरेशनची वेळ आली नाही. फिजिओथेरपी केली, काही महिन्यांत पायातली कळ गेली. कंबर मात्र पूर्वीसारखी झालीच नाही. एरवी बरी असते, मग कधी तरी काही कारण नसताना धरते आणि आठवडाभर मोजे घालायचेही वांधे होतात.

ढोल न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ढोल दोरीनं कमरेला बांधतात, तो पोटासमोर लोंबतो. एका हातात टिपरू (वाजवायची काठी), दुसऱ्या हातानं थापी. सराव रोज संध्याकाळी दीड-दोन तास. मिरवणुकीत त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यातला बराच वेळ नुसतं ढोल बांधून एका जागी उभं राहण्यात जातो. पहिला अर्धा तास मला काही होत नाही. त्यानंतर कमरेच्या खालच्या पट्ट्यात ठणका लागतो, तो दोन्ही बाजूंना सारखाच. ढोल सोडून पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलं की दहा मिनिटांत उतरतो. सकाळी उठताना मात्र पाठ लाकूड झालेली असते.

सल्ल्यांना तोटा नाही. एक डॉक्टर म्हणाले ढोल कायमचा बंद, पोहायला जा. दुसरे म्हणाले झेपेल ते करा. (झेपतं की नाही हे कळायचं कसं, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.) जिमचा ट्रेनर म्हणतो डेडलिफ्ट कर (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहायचं), सगळं सुटेल. आई म्हणते कंबरपट्टा काढूच नकोस. आणि मधलं एक वर्ष मी ढोलाला हात लावला नव्हता, तरी कंबर दोनदा धरलीच. त्यामुळे ‘बंद कर’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

असं दुखणं घेऊन कुणी वाजवतंय, धावतंय, वजनं उचलतंय का? किती दुखलं की थांबायचं? पट्टा घालावा का? आणि सरावाला आठवडाच उरलाय, तर सुरुवात कुठून करू?

चौकटराजा:
ढोल सोडा. तुमची कंबर वाचेल, आमचे कान वाचतील. दोन्ही आरोग्याचेच प्रश्न आहेत. ;)

टिपरू:
लक्ष्मी रोडला राहता वाटतं. सहानुभूती आहे. पुढचा सल्ला?

पाठीराखा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्यावर निदान होत नसतं, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या जागी धरू नका.

आधी धोक्याच्या खुणा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा. यातलं काहीही नव्यानं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, धागा काढायचा नाही.

एक चाचणी आजच करा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभ्या राहा आणि टाच वर-खाली करा. आधी उजवा पाय, मग डावा. डावा बराच आधी थकतो का, ते सांगा. तुमची जी नस दुखावली होती ती पोटरीला जाते.

आता ठणक्याबद्दल. चार वर्षांपूर्वीची दुखापत पुढे वाकून वळण्याची होती. आत्ता जे सांगताय ते मला उलट्या दिशेचं वाटतं. ढोल पुढे ओढतो, तोल सांभाळायला वादक खांदे मागे टाकतो, कमरेचा बाक वाढतो आणि मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्यांच्यावर तासभर भार राहतो. गुडघे जवळ घेऊन बसल्यावर दहा मिनिटांत बरं वाटतं, हेही त्याच्याशी जुळतं. तपासल्याशिवाय खात्रीनं सांगणार नाही. पण तसं असेल तर तुम्ही ज्या गादीला चार वर्षं घाबरताय, तिचा या ठणक्याशी फार संबंध नसेल.

एमआरआयचंही फार मनावर घेऊ नका. २०१५मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. तिशीतल्या साधारण ५२ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ४० टक्क्यांची गादी फुगलेली होती. दुखत काहीच नव्हतं! सरकलेली गादी बऱ्याच जणांत शरीर हळूहळू शोषूनही घेतं. चार वर्षांपूर्वीचं चित्र आज तसंच असेल असं नाही.

किती दुखलं की थांबायचं? मी पेशंटना सांगतो तो हिशोब असा: दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर वाजवत राहा. रात्री थोडं वाढलं तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सरावाआधी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. नसेल आलं तर कालचा डोस जास्त झाला. आज निम्म्यावर या, पूर्ण बंद करू नका. आणि दुखणं कुठे सरकतंय ते पाहा. कमरेतच राहिलं तर ठीक. ढुंगणातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरायला लागलं तर ढोल लगेच सोडायचा, मग ते दहापैकी दोनच का असेना.

पट्ट्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांची शिफारस नाही; व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांची आहे. कंबर धरली असताना दोन-चार दिवस पट्टा लावला तर काही बिघडत नाही. आईंना तेवढं सांगा.

अण्णा_सातारकर:
बाळ, हे सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे एक हाडवैद्य आहे, एका झटक्यात मणका बसवतो. माझा बसवलाय. कटिबस्तीही करून घे, तेलानं फार आराम पडतो.

पाठीराखा:
अण्णा, तेल आणि शेक यांना माझी हरकत नाही, बरं वाटतं. झटक्याला आहे. पायात कळ उतरलेल्या माणसाचा मणका असा कुणाकडून ‘बसवून’ घेऊ नये. मुळात तो उठलेला नसतोच.

अण्णा_सातारकर:
माझा उठला होता. असो.

टिपरू:
अण्णा, कटिबस्तीचं आईपर्यंत पोचवते, ती खूश होईल.

पाठीराखा, धोक्याच्या खुणांपैकी एकही नाही. टाचांची चाचणी केली. उजव्या पायावर पंचवीस सहज झाल्या, डावा पाय चौदाव्याला थरथरायला लागला. हे मला माहीतच नव्हतं. चालताना काही जाणवत नाही.

पाठीराखा:
मग सराव सुरू व्हायच्या आत एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. घोट्याचा रिफ्लेक्स (हातोडीनं ठोकल्यावर पाऊल आपोआप हलतं का) आणि पोटरीची ताकद बघायला पाच मिनिटं लागतात. हा अशक्तपणा चार वर्षांपूर्वी राहून गेलेला असेल तर तो व्यायामानं भरून काढायचा भाग आहे. नवा असेल, वाढत असेल तर गोष्ट वेगळी.

लालमाती:
मी कोल्हापूरचा. तालमीत वाढलो, माझी एल-४ एल-५ गेलेली, आता चाळिशी ओलांडली आहे. अजून वजन उचलतो. ताई, तुमचा ट्रेनर चूक नाही, पण जरा घाईत आहे. डेडलिफ्ट जमिनीवरून सुरू करू नका. बार गुडघ्याच्या उंचीवर ठोकळ्यांवर ठेवा, कमरेतून न वाकता कुल्ले मागे ढकलून खाली जायला शिका, आणि सुरुवातीला वजन इतकं हलकं घ्या की लाज वाटली पाहिजे. ती लाज दोन महिने गिळायची.

दुसरं, सकाळची वेळ. रात्रभर आडवं राहिल्यावर गादी पाणी ओढून फुगलेली असते, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकणं तिला जास्त जाचतं. मी आधी पहाटे उठल्या उठल्या सूर्यनमस्कार घालायचो आणि दिवसभर कण्हत फिरायचो. तेच नमस्कार संध्याकाळी नेले, निम्मा त्रास गेला. तुम्हीही सकाळी वाकून बादली उचलणं, केर काढणं जरा उशिरावर टाका. सपाटे सध्या नकोत, त्यात कंबर मागे फार मोडते. बैठका चालतील, पण झेपेल तेवढ्याच खोल.

आणि पोहण्यानं ढोल पेलत नाही. ढोल पेलायला पुढे वजन धरून चालायची सवय हवी. आम्ही पोतं छातीशी कवटाळून चालायचो. तुम्ही पाच किलोच्या आट्याच्या पिशवीपासून सुरू करा.

पाठीराखा:
पोत्याला +१. त्यात एक भर: पाण्यानं अर्धी भरलेली बादली एका हातात घेऊन ताठ चाला, मग हात बदला. बादलीकडे झुकायचं नाही, तिच्या विरुद्ध बाजूलाही कलायचं नाही. ढोल वाजवताना दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, अंग सारखं एका बाजूला वळतं. ते वळणं अडवणारे कुशीचे स्नायू याच चालण्यातून तयार होतात. घरी बाकी तीनच गोष्टी करा. हात-गुडघ्यांवर येऊन समोरचा एक हात आणि विरुद्ध पाय लांबवणं, कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरणं, आणि एक गुडघा वाकवून पाठीवर पडून डोकं-खांदे जेमतेम उचलणं. प्रत्येक वेळी सात-आठ सेकंद धरा, मग सोडा. मिनिटभर थरथरत धरून ठेवण्याचा उपयोग नाही.

सिडनीची_सई:
टिपरू, तू लिहिलंयस की मध्ये वर्षभर वाजवलं नाहीस तरी कंबर धरली. माझंही असंच व्हायचं. इथल्या मॅक्वारी विद्यापीठाचा चालण्याचा एक प्रयोग २०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. नुकतीच कंबरदुखीतून बरी झालेली ७०१ माणसं घेतली होती. निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, सोबत फिजिओचं मार्गदर्शन. त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं उलटेपर्यंत २०८ दिवस गेले, काहीच न करणाऱ्यांत ११२. जादू नाही, पण फुकट आहे. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जमतं.

जुना_ध्वजधारी:
मी अनेक वर्षं पथकात होतो, आधी ढोल, मग ध्वज. वैद्यकीय काही सांगत नाही, बांधण्याबद्दल सांगतो. नवी मुलं दोरी पोटावर, कमरेच्या बारीक भागात आवळतात. दोरी खाली, खुब्याच्या हाडांवर बसली पाहिजे. तिच्याखाली शेल्याची चार पदरी घडी. ढोल अंगालगत घट्ट हवा. तो जितका पुढे लोंबेल तितकं मागे रेलावं लागतं. फायबरचा हलका ढोल असेल तर तो मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. पायात स्पोर्ट्‌स शूज, कोल्हापुरी फोटोपुरती. आणि पथक थांबलं की ढोल खाली. उतरवताना आणि उचलताना दोघांनी मिळून, दर वेळी. ध्वजाकडे वळायचा विचार असेल तर सोडा, तो कमरेला ढोलापेक्षा वाईट. ताशा गळ्यात असतो, कमरेवर ओढ कमी. पण ताशा महिन्याभरात येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

टिपरू:
ताशा मला या जन्मी यायचा नाही, तो विषय संपला.

दोरीचं वाचून काल आरशासमोर ढोल बांधून पाहिला. खरंच पोटावर बांधते आहे मी, आणि खांदे पार मागे. खाली बांधल्यावर ढोल मांडीला आपटतो, पाऊल टाकताना अडतो. सवय होईल का?

जुना_ध्वजधारी:
होईल. पावलं लहान टाका. पुढच्या बाजूचा फास एक वेढा घेऊन आखडला की ढोल दोन बोटं वर येतो.

टिपरू:
अपडेट. परवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्या घोट्याचा रिफ्लेक्स मंद आहे, पोटरी थोडी कमजोर. जुन्या कागदांत चार वर्षांपूर्वीही हेच लिहिलेलं सापडलं, म्हणजे नवं नाही. नवीन एमआरआय लागणार नाही म्हणाले. मागे वाकवून, वळवून पाहिलं तेव्हा नेमका तोच ठणका उठला. पाठीराखा, तुमचा अंदाज त्यांनाही पटला. वाजवायला परवानगी आहे, टाचांचा व्यायाम रोज करायचा या अटीवर.

पथकप्रमुखांशी बोलले. पहिला आठवडा वीस मिनिटं ढोल, उरलेला वेळ झांज. मग दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवायची, पाठीराख्यांच्या हिशोबात बसलं तर. ढोल टेंपोत चढवायच्या-उतरवायच्या कामातून मला वगळलंय, त्यावरून दोघांनी टोमणे मारले, ते चालेल. विसर्जनाला पूर्ण मिरवणूक मी वाजवणार नाही. एका मैत्रिणीशी ठरलंय, बेलबाग चौकापासून आलटून पालटून एकच ढोल दोघींत.

आता एकच राहिलंय. दोरीऐवजी रुंद कापडी पट्टा शिवून घ्यावा असं मनात आहे. कुणी केलाय का? किती रुंद ठेवू?

जुना_ध्वजधारी:
चार बोटं पुरे. त्याहून रुंद केला तर वाकताना बरगडीला काचतो. बॅगा शिवणाऱ्याकडून दुहेरी निवार घालून घ्या, शिलाई आडवी आणि चौकटीत, नुसती कडेनं नको. आणि माप ढोल बांधूनच द्या.