सार्वजनिक चार्जिंग स्टेशनच्या विद्युत तपासणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सातारा-कोल्हापूर महामार्गालगत आमच्या हॉटेलच्या आवारात इलेक्ट्रिक वाहनांसाठी सर्वांना खुले चार्जिंग स्टेशन उभारत आहोत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून यासाठी परवाना लागत नाही, मात्र सुरक्षेचे निकष पाळावेच लागतात, आणि ते रास्तच आहे. त्यानुसार सॉकेट जमिनीपासून ८०० मिलिमीटरपेक्षा उंचावर घेतले असून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवले आहे. ते किमान 'टाइप ए' दर्जाचे असावे लागते, हे आमच्या वायरमनलाही नवीन होते. महावितरणकडून स्वतंत्र मीटर घेणार आहोत. ज्यांनी अलीकडे असे स्टेशन सुरू केले त्यांनी कृपया सांगावे, की विद्युत निरीक्षकांकडे अर्ज करताना ठेकेदाराच्या चाचणी अहवालासोबत कोणती कागदपत्रे जोडावी लागली, आणि अर्थिंगचे मोजमाप निरीक्षकांनी जागेवर स्वतः घेतले की अहवालातील आकडेच ग्राह्य धरले?